गावाचा प्रश्न, मुलांचा प्रकल्प

दुसरे सत्र सुरू झाले की आसनगाव-शहापूरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत कार्डशीट, स्केचपेन आणि चित्रांचे तयार तक्ते यांना मागणी येते. पाचवीतल्या मुलाला ‘पाणी’ हा प्रकल्प मिळालेला असतो. चित्रे कापायची, चिकटवायची, खाली दोन ओळी लिहायच्या, मुखपृष्ठ सजवायचे आणि वही जमा करायची. मोबाइल आल्यापासून त्या दोन ओळीही आयत्या मिळतात. हे घडते ते शहापूर तालुक्यात. भातसा आणि तानसा ही धरणे इथलीच, मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसातून जाते, आणि याच तालुक्यातले कित्येक पाडे मार्चनंतर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. पाण्याविषयी विचारण्यासारखे प्रश्न मुलांच्या दारात उभे आहेत. वहीत मात्र चित्र चिकटते ते भलत्याच नदीचे.

प्रकल्पांतून मुलांची कौशल्ये खरोखर वाढतात का, आणि वाढत असतील तर कोणत्या प्रकल्पांतून, हा प्रश्न शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण तालुक्यांसमोर ठेवून तपासायला हवा. माझे मत आधीच सांगतो. प्रकल्प अवघड असेल, गावाचा असेल आणि त्याच्या उत्तराची कुणाला तरी खरी गरज असेल, तर मूल वाढते. यातले एकही नसेल, तर वाढते ती फक्त रद्दी.

कामातून शिकण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी तिथे नई तालीमची मांडणी केली आणि झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. सूतकताई, शेती, सफाई यांतूनच गणित, भाषा आणि विज्ञान शिकायचे, ही त्यातली मूळ कल्पना होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात असले तरी २०१४पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने कुरणावर जावे. पाने, बिया, खडे, शिंपले हीच शिकण्याची साधने. आदिवासी मुलाला जे आधीच ठाऊक आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची, हा कोसबाडचा धडा शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांना आजही जसाच्या तसा लागू आहे.

पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याला कायद्याचा आधार दिला. २०१०मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत ‘प्रकल्प’ हे एक साधन ठरले. हेतू चांगला होता. पण एखाद्या पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेची कल्पना करा. चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यातले एक बऱ्याचदा बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलेले. प्रत्येक मुलाची विषयवार नोंद तर ठेवायचीच आहे. अशा वेळी प्रकल्प म्हणजे ‘वही जमा झाली का’ एवढाच प्रश्न उरतो. यात दोष शिक्षकाचा नाही. ज्या कामाला सलग वेळ लागतो ते प्रत्येक विषयात थोडे थोडे वाटून मागितले, की त्याचे असेच होते.

मग अवघड प्रकल्प म्हणजे नेमके काय? त्याचे सर्वांत ठसठशीत उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आश्रमाने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय घडवला आणि राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चार क्षेत्रे. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, हिमोग्लोबिन मोजतात, फेरोसिमेंटची टाकी बांधतात. शिकवायला गावातलाच जाणकार कारागीर येतो.

पाबळचे मर्म आणखी एका गोष्टीत आहे. मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावात कुणीतरी वापरते. मुलांनी बनवलेले फाटक वाकडे झाले तर ते बसत नाही, आणि ज्याचे फाटक आहे तो मुलांना तसे सांगतो. वहीतल्या चुकीला लाल शेरा मिळतो आणि ती तिथेच राहते. फाटकातली चूक मोजमाप पुन्हा घेऊन दुरुस्त करावी लागते. किती लोखंड लागेल, किती वाया जाईल, मजुरी किती धरायची, याचा हिशेब मांडताना शेकडेवारी कामाला येते. तिथे मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाक करतात, सगळ्यांनी सगळे करायचे असते. आपल्याकडच्या गटप्रकल्पांत मुलगे तार जोडतात, मुली तक्ता रंगवतात, सादरीकरणात मुलगे बोलतात आणि मुली शेजारी उभ्या राहतात. प्रकल्पाने कौशल्य वाढले असे म्हणताना कोणाचे कोणते वाढले, हेही विचारले पाहिजे. कामाची पाळीपाळीने अदलाबदल करणे हा साधा उपाय आहे, त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता आपल्या भागात येऊ. मुरबाड तालुक्यातले फांगणे हे छोटे गाव जगभर पोहोचले ते तिथल्या आजीबाईंच्या शाळेमुळे. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ती सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठी ते नव्वदीच्या आज्या दुपारी वर्गात बसू लागल्या. या शाळेविषयी बहुतेक वेळा आज्यांच्या अंगाने लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या घरांतल्या नातवंडांविषयी बोलायचे आहे. घरी आजीचा अभ्यास घ्यायला नातू-नात बसतात. ज्या मुलीला ‘क’ आणि ‘फ’ कधीचे येतात, तिला आता ते दुसऱ्याला समजेल असे सांगायचे आहे. आजीची नजर अधू, हात थरथरणारा, आणि रागवून चालणार नाही, कारण ती आजी आहे. मग अक्षर मोठे काढावे लागते, तेच पुन्हा सांगावे लागते, सांगण्याची दुसरी रीत शोधावी लागते. शिकवताना स्वतःचे शिकणे पक्के होते, हे शिक्षणाच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. फांगण्यात ते कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय घडले. याला कुणी शालेय प्रकल्प म्हटले नाही, पण गरज खरी होती आणि काम सोपे नव्हते.

फांगण्यासारखे काम दुसऱ्या गावात जसेच्या तसे उचलून नेता येणार नाही. पण गावाची गरज आणि शाळेचे शिकणे यांची सांगड घालता येते, आणि त्यासाठी पाण्याइतका चांगला विषय इथे दुसरा नाही. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आता अभ्यासक्रमात आहेच. सातवीच्या मुलांनीही करावा असा एक प्रकल्प जरा जवळून पाहू.

पाड्याजवळ झरा आहे. मुलांनी वीस लिटरची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजायचे. पहिल्याच दिवशी तीन मुलांची तीन वेगळी उत्तरे येतात, कारण एकाने घड्याळ उशिरा सुरू केले, दुसऱ्याची बादली कलली. कुणाचे खरे, यावर वाद होतो. तीनदा मोजून सरासरी का घ्यायची, हे त्या वादात कळते. समजा डिसेंबरात बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला २४ लिटर, दिवसाला ३४,५६० लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. भागाकार केला की ६२८ माणसांना पुरेल इतके पाणी निघते. पाड्याची वस्ती दीडशे. मग पहाटे हंड्यांची रांग का लागते? हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला पाहिजे, शिक्षकाने तोंडून काढू नये. उत्तर शोधायला रात्री झऱ्यावर जावे लागते: रात्रभर पाणी वाहून जाते, साठवायला टाकी नाही. पुढे एप्रिलमध्ये तीच बादली भरायला ४०० सेकंद लागले, तर दिवसाचे पाणी ४,३२० लिटरवर येते आणि जेमतेम ७८ माणसांना पुरते. आता टाकीनेही भागणार नाही, हे आकडाच सांगतो. डिसेंबरचा उपाय एप्रिलला चालत नाही, हे एकदा स्वतःच्या मोजणीतून कळलेले मूल पुढे कुठल्याही योजनेचा फलक वाचताना ‘कोणत्या महिन्यात?’ असे विचारील.

शाळेच्या छपराचा हिशेबही असाच. १०० चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर आणि वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर अडीच लाख लिटर पाणी छपरावर पडते. वाया जाणारे सोडून दोन लाख लिटर धरू. साठ मुलांना माणशी पाच लिटर, म्हणजे रोज ३०० लिटर; फेब्रुवारी ते एप्रिल शाळेचे सत्तर दिवस धरले तर गरज २१,००० लिटरची. पडणाऱ्या पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा साठवला तरी शाळेचे भागते. एवढे कळल्यावर टाकी केवढी, कशाची, कितीची, हे विचारायला मुलांनी आसनगावच्या हार्डवेअरच्या दुकानात जावे, गवंड्याशी बोलावे, ग्रामपंचायतीला अर्ज लिहावा. अर्ज लिहिणे हे भाषेच्या पुस्तकात एक पान आहे. इथे त्या पानाला पहिल्यांदा जीव येतो, कारण उत्तर येणार आहे, निदान यायला हवे आहे.

या सगळ्यात कोणती कौशल्ये वाढली? मोजणे, अंदाज बांधणे, नोंद ठेवणे, अनोळखी माणसाला प्रश्न विचारणे, आकड्यांवरून वाद घालणे, चुकले तर पुन्हा करणे, आणि चारचौघांत उभे राहून सांगणे. ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला यातले शेवटचे सर्वांत जड जाते. आश्रमशाळेत प्रमाण मराठीचे दडपण असते आणि मूल मुकाट बसते. पण विषय रानभाज्यांचा असू द्या. शेवळा कधी उगवतो, त्याची खाज कशाने जाते, लोत कोणत्या आळीत मिळते, कुर्डू आणि टाकळा कोवळा कधी खुडायचा, हे त्या मुलाला शिक्षकापेक्षा जास्त माहीत असते. वर्गात जाणता कोण, हे त्या दिवसापुरते उलटते. मुलाचा आवाज मोकळा होतो तो इथे.

अशा नोंदींना खरा धनीही आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना गावोगावच्या लोकांसोबत आणि विद्यार्थ्यांसोबत रुजवली. बऱ्याच ठिकाणी नोंदवही घाईने पूर्ण झाली. शहापूर-मुरबाडच्या शाळांनी तानसा अभयारण्याच्या कडेच्या आणि माळशेजच्या पायथ्याच्या गावांत ऋतुमानानुसार वनस्पतींची नोंद केली, आजोबा-आजींकडून नावे आणि उपयोग लिहून घेतले, तर त्या नोंदवहीची दुरुस्ती मुलांच्या हातून होईल. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, मुलाखत आहे, नकाशा आहे. एक सावधगिरी मात्र हवी: औषधी वनस्पतींचे ज्ञान गावाचे आहे, ते कुठे छापायचे आणि कुठे नाही हे गावाने ठरवायचे.

आता विरुद्ध बाजू, कारण प्रकल्पपद्धतीचे गुणगान करणारे तिच्याकडे पाठ फिरवतात. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८मध्ये प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला, तेव्हापासून तिच्यावर आक्षेपही आहेत. २००६मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी दाखवून दिले की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय शोधायला सोडले तर तो गोंधळतो आणि कमी शिकतो. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रकल्पांनी शिकलेल्या मुलांच्या भाषेत स्पष्ट वाढ दिसली नाही. गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत तर नुकसानाची शक्यता दिसली, आणि सहभागी शाळांपैकी बऱ्याच शाळा मध्येच बाहेर पडल्या. उलट २०२१मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात, शिक्षकांना भक्कम प्रशिक्षण देऊन प्रकल्पांनी शिकवलेल्या वरच्या वर्गांत परीक्षा उत्तीर्ण होण्याचे प्रमाण सुमारे आठ टक्केबिंदूंनी जास्त निघाले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की बोध स्वच्छ आहे. प्रकल्पाला शिक्षक लागतो, आणि नेहमीच्या तासाला लागतो त्यापेक्षा जास्त लागतो.

आपल्या भागात हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३च्या अहवालासाठी देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत पाहणी झाली. १४ ते १८ वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सहज वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. ज्याला भागाकार येत नाही त्याला झऱ्याचा हिशेब सांगून काय उपयोग, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की भागाकार आधी वर्गात नीट शिकवलाच पाहिजे. प्रकल्प त्याच्या जागी येऊ शकत नाही. पण शिकलेला भागाकार कुठेच वापरायला मिळाला नाही तर तो परीक्षेनंतर पुसला जातो. वाचन-गणिताचा पाया आणि अवघड प्रकल्प यांना एकमेकांचे वैरी करून काही साधत नाही. मूल अडले की कधी हात द्यायचा आणि कधी थांबायचे, हे शिक्षकाला कळणे हीच यातली कसोटी.

दुसरी अडचण वेळापत्रकाची, आणि ती फक्त इथल्या माणसालाच दिसते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाणीटंचाईचा प्रकल्प फेब्रुवारी ते मे या काळात घेतला, तर टंचाई ज्यांना सर्वांत चांगली कळते तीच मुले गैरहजर असतात. ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे झोपडीतल्या शाळा, चालवल्या त्या याच मुलांसाठी. ज्या शाळेतून स्थलांतर होते तिथे मोठा प्रकल्प जुलै ते ऑक्टोबर या काळात बसवावा: भातलावणी, रोपांची वाढ, पाऊसमापन, रानभाज्या. लावणीच्या आठवड्यात मुले शेतात असतात, म्हणून गैरहजेरी मांडण्यापेक्षा त्या आठवड्याची नोंद शेतातच करून घ्यावी. चुडांमधले अंतर, फुटवे, पिकाचा उतारा हे सगळे मोजता येते.

स्पर्धा आणि योजना कमी नाहीत. १९९३पासूनची राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद मुलांना आपल्याच परिसरातला प्रश्न निवडून पाहणी करायला सांगते, आणि ठाण्यात जिज्ञासा ट्रस्टने तिचे काम केले आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी चालवलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना शेवटी कृतिसंशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या मुलाला १०,००० रुपये मिळतात, आणि अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. यांतली बाल विज्ञान परिषद मला पाड्यावरच्या शाळेसाठी सर्वांत योग्य वाटते, कारण तिला उपकरणांपेक्षा पाय आणि वही जास्त लागते. स्पर्धेचा धोका एवढाच की दोन हुशार मुले निवडली जातात आणि बाकीचे चाळीस जण टाळ्या वाजवायला उरतात. आसनगावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी पंचक्रोशीतल्या शाळांच्या अशा कामांना मोजणीपुरते, आराखड्यापुरते हात दिले, तर त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पालाही खरा विषय मिळेल.

मागणी थोडीच आहे. शिक्षण विभागाने प्रत्येक विषयाला वेगळा प्रकल्प मागणे थांबवावे आणि पाचवीपासून वर्षाला एकच, दोन-तीन महिने चालणारा प्रकल्प सगळ्या विषयांत धरावा. शाळा व्यवस्थापन समितीने जूनच्या पहिल्या बैठकीत गावाला उत्तर हवे आहे असा एक प्रश्न निवडून शिक्षकांना द्यावा. आणि शहापूर-मुरबाडच्या सरपंचांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर मुलांसाठी वीस मिनिटे राखून ठेवावीत, त्यांचे आकडे ऐकावेत, त्यांना उलट प्रश्न विचारावेत, आणि त्यावर काय ठरले ते इतिवृत्तात लिहावे.